भिंतीपलीकडचा स्कॅन

परवा मिरजेला होतो, आमच्या एका क्लायंटच्या हॉस्पिटलमध्ये. दोघा डॉक्टर भावांचं हॉस्पिटल, गेल्या दिवाळीत वाटणी झाली. मधल्या पॅसेजमध्ये भिंत आली, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटून घेतले... आणि नेटवर्क वाटायचं काम माझ्याकडं आलं.

एका नेटवर्कची दोन केली, मध्ये राऊटर बसवला. त्यात नियम टाकला, इकडचं काही तिकडं जायचं नाही, तिकडचं इकडं यायचं नाही. दोघांनी एकमेकांकडं न बघता त्यावर सह्या केल्या.

परवा धाकट्या सरांकडं जतहून एक मावशी आल्या, सोबत त्यांचे मालक. पोटात गाठ. नवा स्कॅन झाला, पण गाठ वाढलीय की तेवढीच आहे हे जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय कळेना, आणि त्यावरच ऑपरेशन ठरणार होतं. जुना स्कॅन वाटणीआधीचा, थोरल्यांच्या सर्व्हरवर... घरची फिल्म पत्र्याच्या गळतीत खराब झालेली.

धाकटे सर म्हणाले, "दोन मिनिटं उघड की." मला एक ओळ बदलायची होती फक्त. पण परवानगी दोघांची लागते, म्हणून थोरल्यांना फोन लावला.

"त्याला म्हणावं, स्वतः फोन कर." इकडं धाकटे म्हणाले, "मेलो तरी करणार नाही." डोकंच फिरलं माझं. मरणाची भीती कुणाला आणि मरायच्या गोष्टी करतंय कोण...

मावशी भिंतीकडं बघत म्हणाल्या, "आवं, हितं पल्याडच हाय न्हवं? मग यायला काय झालंय त्याला?" मालक रस्त्यानं वळसा घालून पलीकडच्या काउंटरवर जाऊन आले. तिकडच्या पेशंटला रेकॉर्ड द्यायचं नाही, सरांची ऑर्डर आहे, असं ऐकून परत आले बिचारे.

माझ्या स्क्रीनवर सगळं दिसत होतं. धाकट्यांच्या कॉम्प्युटरवरून स्कॅन मागितला जातोय, राऊटर नाकारतोय... पुन्हा मागितला, पुन्हा नाकारला. मी नुसता बसून होतो.

शेवटी सर म्हणाले, तीन महिने थांबू, परत स्कॅन करू, मग कळेल. "बरं, यिऊ तवा," म्हणत मालक मावशींना घेऊन एसटी स्टँडकडं गेले.

संध्याकाळी थोरल्यांचा फोन. "पलीकडं काही जात नाही ना?" म्हटलं, "नाही सर, काहीच जात नाही." छान काम केलंस, म्हणाले.

जेवण गेलं नाही मला. तीन महिने त्या गाठीनं थांबावं, एवढंच आता देवाकडं मागणं आहे... कुणाच्या वाटणीत गेलाय कुणास ठाऊक.