डंपरवरची दोन कुलपं

आमच्या घरात एकही दार कुरकुरत नाही. चोर शिरला तर आशीर्वाद देऊन जाईल. बिजागऱ्या, कड्या, पंखा, शेजारणीच्या पोराची सायकल, जे जे हलतं त्या सगळ्याला आमच्या ह्यांनी तेल घातलंय. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे माझं शिवणयंत्र उलटं करून बसले होते. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, काय ध्यान पदरात पडलंय!

हे खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरना ग्रीस भरतात. डंपर म्हणजे रस्त्यावरचा ट्रक नव्हे हो. त्याचं नुसतं चाक माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असतं, ड्रायव्हर शिडी चढून केबिनमध्ये पोचतो. ठरावीक तास चालले की ही धुडं सर्व्हिसिंगला येतात. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचे आणि जिथे जिथे सांधा हलतो तिथे ग्रीस भरायचं. तिथलं कॅन्टीन मी चालवते, त्यामुळे ह्यातलं काही ऐकीव नाही. चहा उकळता उकळता खिडकीतून सगळं दिसतं.

वर्कशॉपमध्ये सगळे ह्यांना मामा म्हणतात. मामांची एक खोड आहे. आधी जुनं ग्रीस चिंधीने पुसून सांधा स्वच्छ करायचा, मग ग्रीस भरायची गन लावायची आणि सांध्याच्या कडेने ताजं ग्रीस बाहेर येताना दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. बाकीचे वैतागतात. सांधा वरून माखलेला दिसला की त्यांच्या मते काम झालं. हे म्हणतात, "तोंड बरबटलंय म्हणजे पोट भरलंय का?" एवढं बोलून पुन्हा गाडीखाली. घरी आल्यावर मात्र नखं घासत मोरीत तळ ठोकतात, मी बाहेरून ओरडते, "अहो, कातडं तरी ठेवा अंगावर!"

आमची मुलगी बापावरच गेलीय. खाणीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पाणी मारणारा टँकर चालवायची, पण डोळा डंपरवर. ड्रायव्हरची एक जागा निघाली, उमेदवार दोन. दुसऱ्याची परीक्षा पहिल्या दिवशी झालेली. हिची दुसऱ्या दिवशी, सर्व्हिसिंगमधून बाहेर पडणाऱ्या डंपरवर. बाकीचे सगळे डंपर खाणीत गुंतलेले आणि बाहेरून आलेले परीक्षक दुपारी परत जाणार. अशी जागा पुन्हा कधी निघेल, देव जाणे. सकाळी ती काही न खाताच निघाली होती.

आणि आमच्या ह्यांनी काय केलं असेल? स्टिअरिंगच्या सांध्यातल्या एका पिनेत गन लावली, जोर लावला, ग्रीस आत जाईना. गनच्या तोंडाशीच परत यायला लागलं. कडेला ताज्याचा टिपूस नाही. म्हणजे आतली वाट बुजलेली. अशी कोरडी पिन चालत्या गाडीत अडकली तर स्टिअरिंगच वळायचं नाही. पिन काढायला हवी, आणि ते काम संध्याकाळपर्यंतचं.

वर्कशॉपचा नियम असा, की गाडीवर काम करणाऱ्याने तिच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. ड्रायव्हरलाही गाडीत खोट वाटली तर तो आपलं कुलूप लावू शकतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

फोरमन धावत आला. "मामा, आजचा दिवस सहज निघेल हो."

"निघेल बहुतेक," हे म्हणाले.

"मग काढा की कुलूप! पोरगी तुमचीच आहे ना?"

मी चहाची किटली तशीच आपटून बाहेर आले. चारचौघांत नवऱ्याला बोलू नये वगैरे सगळं विसरले. "अहो, जन्मभर सगळ्यांच्या गाड्या सांभाळल्यात, आज लेकीच्या वाटेतच आडवे पडलात? दुसरा कुणी सापडला नाही तुम्हाला?" माझा नुसता जळफळाट झाला होता. ह्यांचे डोळे भरून आलेले मला दिसत होते, तरी मी बोलत होते.

तेवढ्यात मुलगी आली. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला. तिने बापाला एकच विचारलं. "बाबा, खरं सांगा. मी आत बसणार म्हणून अडवताय का?"

"नाही," हे म्हणाले. "डंपरला कुठे माहीत असतं आत कोण बसलंय?"

ती वाकली. पिनेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली. कोरडं. मग कमरेला लटकवलेलं स्वतःचं कुलूप काढलं आणि बापाच्या कुलपाशेजारी खट्कन लावलं. परीक्षकांना म्हणाली, "मी ही गाडी नेणार नाही, सर."

परीक्षकांनी मान डोलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि दुपारी निघून गेले. जागा त्या दुसऱ्याला मिळाली. पिन बाहेर काढली तेव्हा नुसती सुकलेली होती, तडा नाही की काही नाही. फोरमन पुटपुटला, "दिवस निघाला असता." ह्यांनी ते ऐकलं, तिनेही ऐकलं.

संध्याकाळी पिन परत बसली. ह्यांनी ग्रीस भरलं आणि स्वतःचं कुलूप काढलं. लेकीचं तसंच होतं. ती चिंधी घेऊन आली, सांधा स्वच्छ पुसला आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा भरा. मला बाहेर येताना दिसलं पाहिजे."

ह्यांनी भरलेल्या ग्रीसवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. फोरमन जाता जाता थबकला. मला वाटलं, आता हे रागावणार.

हे गुडघ्यांवर बसले, गन लावली आणि दाबायला लागले. ती बापाच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघत होती. कडेने ताजं ग्रीस आलं तरी म्हणाली, "अजून थोडं." आणि आमचे हे, चेहराभर हसत, अजून भरत राहिले.