गिरणीखालचं रबर

अवमंदन. पुस्तकात हाच शब्द आहे. पोरं सरळ डॅम्पिंग म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मीही. मोटारसायकलचं शॉकअप गेलं की कंबर का मोडते, हे विचारलं की वर्गाला झटकन कळतं. तरी परीक्षेत अर्धी पोरं लिहून ठेवतात, 'डॅम्पिंग म्हणजे कंपन थांबवणे.' थांबवणे नव्हे रे बाबांनो, कमी करणे! यंत्र आपलं हलतच असतं, मधलं काहीतरी ती थरथर पिऊन टाकतं, एवढंच. इतक्या वर्षांत हे इतक्यांदा बोललेय की आता बोलताना जांभई येते.

लाखनीत आमचं घर हायवेला लागून, आणि घराच्या भिंतीला लागून बाबांची धानगिरणी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गावोगावचे शेतकरी घरी खायला लागणारं धान इथे भरडून नेतात. मी सकाळपाळीचं कॉलेज करून दीडला येते, दोन घास गिळते आणि खाटेवर पडते. नेमकी तेव्हाच गिरणी सुरू. खाट हलायची, भांडी वाजायची, डोळा लागतो न लागतो तोच कवटीत घरघर. संध्याकाळी पुन्हा पेपर तपासायचे. वैताग वैताग झाला होता जिवाचा.

एक दिवस बाबांना म्हटलं, "यंत्राखाली रबराचे पॅड टाकू. डॅम्पिंग होते त्यानं."

"म्हंजे का होते?"

त्यांना ऐकू कमी येतं, गिरणीनंच कान खाल्लेत. मी ओरडून सांगितलं, "थरथर जमिनीत उतरत नाही! मले दुपारी झोपता येईन!"

"टाक मंग," ते म्हणाले. "तुले समजते त्यातलं."

मिस्त्री आला, बोल्ट काढले, जाड काळे पॅड बसवले. त्या दुपारी मी मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी वर्गात शेखी मिरवली, डॅम्पिंगचं उदाहरण म्हणून आमचीच गिरणी सांगितली.

आता एक गोष्ट, जी मला लहानपणापासून माहीत होती. बाबा गिरणीत कधी चप्पल घालत नाहीत. सोवळंबिवळं काही नाही, यंत्राचं दुखणं त्यांना तळपायातून कळतं. कान गेल्यापासून तर तेवढंच उरलं होतं. पट्टा सैल झाला, बेअरिंग झिजायला लागलं, की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उठून बटन बंद करायचे. त्यांच्या गिरणीत तांदूळ तुटून कणी पडत नाही, ही त्यांची ख्याती. पार पवनीकडून लोक येत. हे सगळं माहीत असून मी रबर टाकलं. झोपेपुढे मला काही आठवलंच नाही.

आठेक दिवसांनी ते जेवता जेवता म्हणाले, "पायाले काही समजून नाही राहिलं वं."

"चांगलं आहे ना मग. म्हणजे पॅड काम करून राहिले." मी ताटावरून उठलेसुद्धा.

तेव्हापासून ते यंत्राला सारखा तळहात लावून पाहायचे. हातानं त्यांना कळत नसावं. पायाला जे वळण होतं ते हाताला कुठून येणार?

दिवाळीनंतर नवं धान आलं आणि गर्दी झाली. एका दुपारी बाहेर आरडाओरडा ऐकून मी जागी झाले. बेअरिंग जळालं होतं, धूर निघत होता. त्याआधी कितीतरी वेळ यंत्र आतल्या आत डुगडुगत असणार, कारण पोत्यात तांदूळ कमी आणि कणीच जास्त. पोतं बाबांच्या वयाच्या, जुन्या गिऱ्हाइकाचं. त्यानं ओंजळीत कणी घेतली, बाबांच्या कानाशी येऊन म्हणाला, "आता बस कर भाऊ. तुयानं होत नाही." रागानं नाही, मायेनं म्हणाला. चार गिऱ्हाइकांनी ऐकलं.

बाबांना सांगता आलं असतं, पोरीनं रबर टाकलं म्हणून. पण ते आपल्या अनवाणी पायांकडे बघत उभे राहिले. आणि मी, वर्गात घसा फोडणारी मी, दारात मुकाट.

लोक गेल्यावर बाबा म्हणाले, "येईन मिस्त्री उद्या. बेअरिंग बसवून देईन."

मी त्यांच्या कानाशी गेले. रडूच येत होतं. "बाबा, चुकलं माझं. उद्या मिस्त्रीले सांगून ते पॅडही काढून टाकू."

त्यांनी मान हलवली. "राहू दे वं. तुले झोप लागून राहिली ना आता."

पॅड तसेच आहेत. पवनीकडची माणसं आता येत नाहीत. बाबा दिवसभर यंत्राला हात लावून उभे असतात, आणि दुपारी मला झोप लागते. खरंच लागते.