इंजिनने मोजलेल्या वाटा

विद्यापीठात त्याला सगळे इंजिन म्हणायचे. खरं नाव हजेरीपटाला ठाऊक, बाकी कुणाला नाही. शिपाई म्हणून लागला तेव्हापासून ओपन डेचं काम त्याच्याकडे. त्या दिवशी शाळा संपवत आलेली पोरं आईबापांना घेऊन येतात, प्रवेश कुठे घ्यावा म्हणून एकेक विभाग हिंडून बघतात, आणि त्यांना हिंडवणारा हा. पुढे हा, मागे साठ-सत्तर जणांची रांग. चाल अशी की मागच्या आईबापांना धाप लागायची. "डबे जोडा रे, इंजिन सुटलं!" असं कुणीतरी पहिल्याच वर्षी ओरडलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा गेला. एका दिवसात नाही गेला. आधी उतरताना कुरकुरला, मग चढताना, मग सपाटीवरसुद्धा. डॉक्टरने फोटो काढून दाखवला आणि म्हणाला, "आतली गादीच उरली नाही." घरी बायकोला कळलं. कचेरीत मात्र त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कारण एकच. फिरतं काम झेपत नाही असं एकदा कागदावर आलं की बैठं काम मिळतं, आणि शिपायाला बैठं काम होतं एकाच ठिकाणी, मुख्य इमारतीच्या तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. खिडकी नाही, माणूस नाही, डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट. आधी तिथे बसवलेला शिपाई दोन वर्षांत स्वतःशीच बोलायला लागला होता. इंजिन तर जन्मभर माणसांत वावरलेला.

मग त्याने युक्ती काढली. पुढे चालायचं सोडून तो रांगेच्या मागे चालू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "चढाला इंजिन मागून लावतात, एवढंही माहीत नाही?" लोक हसायचे आणि पुढे व्हायचे. मागे हा कठडा धरून एकेक पायरी चढायचा.

यंदा ओपन डेसाठी ॲप करायचं ठरलं. पोरांनी मोबाइलवर चार विभाग निवडायचे, आणि ॲप सांगणार की आता उठा, या वाटेने जा, इतक्या मिनिटांत पोचाल. ते करणारी मुलगी वर्षाच्या करारावर आलेली होती. तिला सगळे ॲपवाली म्हणत. जेवायचीही शुद्ध नसायची तिला, डबा तसाच टेबलावर पडलेला. तिला विद्यापीठातल्या वाटा हव्या होत्या. कुलसचिव, म्हणजे सगळा कारभार बघणारे साहेब, म्हणाले, "आपला इंजिन आहे ना! इथला दगडन् दगड त्याच्या पायाखालचा आहे."

तिने एक मोबाइल त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "काका, तुम्ही नुसते चाला. हा आपोआप नकाशा काढेल."

अकरा दिवस तो चालला. ती बरोबर नव्हती, तिला खुर्चीतून उठायला फुरसत नव्हती. त्यामुळे ढोंग करायचीही गरज नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा इंजिन आपल्या गुडघ्याच्या मर्जीने चालला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबला, ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर पाय लांब करून बसला, प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून घाम पुसला. मोबाइल फक्त वाटा काढतोय अशी त्याची समजूत. तो मेला मिनिटंही मोजतोय हे तिने सांगितलं नाही, आणि याने विचारलं नाही. बरं, तिला तरी काय माहीत! इंजिन म्हटल्यावर तो धावतच असणार, असंच तिने धरलं.

ओपन डेला जी तारांबळ उडाली ती काय सांगावी. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी महिनाभर तयारी केलेला प्रयोग सुरू करायला हात उचलला, आणि दीडशे मोबाइल एकदम वाजले. "आता निघा. पुढच्या विभागात पोचायला चौदा मिनिटं लागतील." पोरं उठली, आईबाप उठले, खुर्च्यांचा खडखडाट झाला. प्राध्यापकांचा हात तसाच वर. ती पोरं सहा मिनिटांत रसायनशास्त्राच्या दारात, आणि तिथे आधीची मंडळी अजून आतच. दिवसभर असंच. दाराबाहेर गर्दी, दाराच्या आत अर्धवट तुटलेली भाषणं.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. सगळे विभागप्रमुख तावातावाने आलेले. इंजिन नेहमीप्रमाणे पाण्याचे पेले मांडून दाराशी बुटक्या स्टुलावर टेकला. उभं राहायची ताकद नव्हती, आदल्या दिवशीच्या धावपळीने गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

"चौदा मिनिटं?" भौतिकशास्त्रवाले कडाडले. "तिथे रांगत जायचं होतं का पोरांनी?"

"ही मिनिटं आली कुठून?" कुलसचिवांनी विचारलं.

ॲपवाली उभी राहिली. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. तिने एकदाच इंजिनकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या एका नजरेत त्याला कळलं. हिने सगळं पाहिलंय. कुठल्या वळणावर आपण किती थांबलो, ते त्या मोबाइलने हिला सांगितलंय.

"माझी चूक आहे, सर," ती म्हणाली. "मोजमापात माझाच घोळ झाला."

"एवढी साधी गोष्ट जमत नसेल तर करार पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही," कुलसचिव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट.

इंजिनला वाटलं, आपण गप्पच बसावं. पोरगी शिकलेली आहे, तिला दुसरीकडे कुठेही मिळेल काम. आपण कुठे जाणार? तळघरात! असं मनात आलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली, अशी की कानशिलं तापली.

तो उठायला गेला. गुडघा वाकेना, सरळही होईना. भिंतीला हात लावून तो अर्धा उठला, परत बसला. पुन्हा भिंत धरली. एक पेला लवंडला. सगळ्या माना वळल्या. सगळ्यांच्या देखत, दात आवळून, अखेर तो उभा राहिला. त्यानंतर तोंड उघडायची गरजच उरली नव्हती, तरी तो बोलला.

"तिची काही चूक नाही, साहेब. मिनिटं बरोबर आहेत. माझी आहेत."

मग कुलसचिव खुर्चीतून उठले, त्याच्या जवळ आले. माणूस वाईट नव्हता. "किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं."

"अरे, मग सांगायचं नाही का? इतकी वर्षं राबलास तू. आता फिरायचं नाही. उद्यापासून तुला बैठं काम. खाली, फायलींच्या खोलीत. आरामात बस." आणि मुलीकडे वळून म्हणाले, "तू पुन्हा मोजून घे, धडधाकट माणसाकडून."

"बरं साहेब," इंजिन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी ॲपवाली त्याला घरापर्यंत सोडायला निघाली. शिपायांच्या खोल्या मैदानापलीकडे. झाडाच्या पारापाशी तो थांबला, तीही थांबली.

"मला काल रात्री कळलं, काका. आधी कळलं असतं तर..."

"तर काय? जाऊ दे गं. माझंच खोटं होतं, कधीतरी उघडं पडायचंच."

दाराशी पोचल्यावर तिने सवयीने मोबाइल पाहिला. ॲपमध्ये होतं, मुख्य इमारत ते शिपायांच्या खोल्या, एकवीस मिनिटं. आजही बरोबर एकवीस झाली होती. तिने मोबाइल पटकन पिशवीत टाकला.

बायको दारात उभी. त्याचा चेहरा पाहूनच समजली. "कळलं ना त्यांना?"

"कळलं. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, आता आराम कर."

"कुठे?"

"तळघरात."

तिने त्याला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं, कॉटवर बसवलं, पायाखाली उशी सरकवली.

"खाली उतरायला पायऱ्या किती आहेत हो?"

"अठरा," तो म्हणाला.