बसा, सोडतो

"माझे पाय माझ्यासाठी चालत्यात, कुणाच्या विरुद्ध न्हाई चालत," असं ज्ञानदेव एकदा म्हणाले होते. पारावर सातआठ जण होते. कुणाला ते पटलं नाही.

ज्ञानदेव इनामगावच्या बौद्धवस्तीतले. बत्तीस वर्षं वायरमन. पहिली वीस वर्षं एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालण्यात गेली, मग मोटरसायकल आली, आणि निवृत्तीच्या वर्षी साखर. उजव्या अंगठ्याजवळची जखम दोन महिने भरत नव्हती. ती कशीबशी भरली तेव्हा शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत झाली तर बोट जाईल. रोज पाऊण तास चाला. बूट घालून."

कुठं चालायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. घोडनदीच्या काठची वाट वेड्या बाभळींनी गिळली आहे. शेतातल्या पाऊलवाटांना दोन्हीकडून ऊस, आणि उसात बिबट्या. अंधारात एकट्यानं फिरू नका, असं वनखात्याची माणसं गावात सांगून गेलेली. राहिला डांबरी रस्ता, आणि सकाळी सात ते आठची वेळ. त्याच वेळी अख्खं गाव गाडीवर असतं. कुणी दूध घालायला, कुणी कंपनीच्या बसला. या रस्त्यावर पायी दिसलेला माणूस म्हणजे गाडी न मिळालेला माणूस. त्याला न घेता पुढं जाणं वाईट दिसतं.

"आप्पा, बसा. सोडतो."

"चालतोय रं."

"व्हय, ते दिसतंय. बसा."

"साखर हाय मला."

"मग तर बसाच."

पोरं हसून पुढं जात. बापूसाहेब हसले नाहीत. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीमागं ज्ञानदेवांच्या वडिलांनी जन्म चालून काढला होता. त्या काळी त्यांना 'गाडीत बस' म्हणायची पद्धत नव्हती. बापूसाहेबांना ते ठाऊक होतं, त्याची लाजही होती. म्हणून ते गाडी थांबवून स्वतः पुढचं दार उघडत. तीन दिवस उघडलं, तीन दिवस ज्ञानदेवांनी हात जोडले. चौथ्या दिवशी गाडी थांबली नाही. सोसायटीत बोलणं निघालं, आता बसवतोय तर बसत न्हाई, जुनं उकरून काढायचं हाय त्याला.

"बसा की थोडे दिवस," ज्ञानदेवांची बायको आक्काबाई म्हणाली. "गावात ऱ्हायचंय आपल्याला."

ते बसले. महिनाभर जी गाडी थांबेल तिच्यावर बसून फाट्यावर गेले, दुसरीवर बसून परत आले. गावाला बरं वाटलं. बापूसाहेबांनी त्यांच्यासाठी गाडीत गाणी लावली. महिन्यानं उपाशीपोटीची साखर एकशे चाळीसवरून दोनशे साठवर गेली. अंगठ्याजवळची कातडी लाल झाली होती, अजून फुटली नव्हती.

"चालणं थांबवलंत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी न्हाई थांबवलं. माणसं चालू देईनात."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे कारण त्यांच्याकडं आजवर कुणी सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा चालू लागले. आठवड्यानं बापूसाहेबांचं बोलावणं आलं. ओसरीवर दोन सारख्या खुर्च्या मांडल्या होत्या. चहा बिनसाखरेचा आला. तेवढं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं.

"वायरमन, माझं काय चुकलं का?"

"न्हाई बापूसाहेब."

"मग महिनाभर बसत होता, आता काय झालं?"

ज्ञानदेवांनी खिशातून रिपोर्ट काढून पुढं केला. बापूसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना खरंच काळजी वाटली.

"येवढी? आन् तुम्ही उन्हातान्हाचं पायी हिंडताय? उद्यापासून माझी गाडी सातला तुमच्या दारात. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं माझ्याकडं लागलं. आता न्हाई म्हणू नका. चार माणसांत माझी मान खाली जाती."

ज्ञानदेवांनी चहा संपवला. पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधायला त्यांना वेळ लागला. अंगठा आत नीट बसला की नाही ते त्यांनी दोनदा चाचपून बघितलं. बापूसाहेब उत्तराची वाट बघत उभे होते. ड्रायव्हरनं गाडी चालू करून पायरीशी आणून लावली. ज्ञानदेव उठले, गाडीला वळसा घातला आणि चालत रस्त्याला लागले.