पडदेवाल्या काकूंचा फोन

अपडेट झाल्यापासून पडदेवाल्या काकूंच्या फोनने मान टाकली होती. अपडेट करायला मुलानेच सांगितलं होतं, तेही घाईत. मुलाचा शब्द म्हणून हातातली शिलाई टाकून काकूंनी तेव्हाच बटण दाबलं. त्या दिवसापासून घंटी वाजायची, पण नाव उमटेपर्यंत समोरचा कंटाळून फोन ठेवून द्यायचा. दोन चांगली गिऱ्हाइकं अशीच हातची गेली.

जिन्याखालच्या मोबाइलवाल्याने एकदा हटकलंच, "काकू, टाका इकडे. चहा थंड व्हायच्या आत करून देतो."

"नको रे. रविवारी मुलगा येणारे. तोच बसून करेल."

"कोणत्या रविवारी, ते विचारलंत का?"

"तू आपली दुकानदारी बघ," काकू फणकारल्या, पण ते बोलणं नखात सुई घुसावी तसं घुसलं. खरं तर फोन नीट व्हायची त्यांना घाई नव्हतीच. मुलगा यायचा तो जायची वेळ ठरवूनच यायचा. फोनच्या निमित्ताने तरी तासभर शेजारी टेकेल, एवढीच त्यांची आशा. त्यासाठी गिऱ्हाइकं गेली तर गेली.

दोन रविवार कोरडे गेले, तिसऱ्याला तो आला. काकूंनी चहाचं आधण ठेवलं. मशीनवरचं कापड बाजूला सारून तो स्टुलाच्या कडेवर टेकला.

"आई, यात जागाच उरली नाहीये! प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतोय तुझा."

"होऊ दे की. गिऱ्हाईक मापं सांगतं, ती मी कापताना लावून ऐकते. पडदा जमिनीपासून बोटभर वर, चुण्या दाट, अस्तर फिकं. दोन्ही हात कात्रीत असतात ना माझे."

"लिहून ठेवत जा."

"वाचायला कात्री खाली ठेवावी लागते."

तो हसला नाही. यादी सरकवता सरकवता त्याचं बोट त्याच्याच नावावर पडलं. खोलीत त्याचा आवाज घुमला, "आई, कामात आहे, नंतर करतो." तो ते बंद करायला गेला, तर पुढचं लागलं. तेही तेच. काकू गॅसपाशी पदराचं टोक पिळत उभ्या. आता तरी हा वर बघेल, असं त्यांना वाटलं.

"नुसता कचरा साठवलायस," तो म्हणाला. रेकॉर्डिंग बंद केलं आणि पुसून टाकायला सगळं एकदम निवडलं.

"अरे थांब, डॉक्टरीणबाईंची मापं आहेत त्यात, कापड अर्धं कापून—"

"झालं! बघ, कसा पळतोय."

फोन खरंच पळत होता. तोही पळाला. आधणाला अजून उकळी फुटायची होती.

काकूंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "परत मापं? काकू, सगळं नीट सांगितलं होतं मी. असू दे, तयार पडदेच आणते आता. कापड तेवढं पाठवून द्या."

अर्धं कापलेलं कापड काकूंनी घडी घालून ठेवलं. मग मुलाला लावला. घंटी वाजते न वाजते तोच आवाज आला, "आई, गाडी चालवतोय, नंतर करतो."

काकू जिना उतरून खाली गेल्या.

"केला का मुलाने नीट?" मोबाइलवाल्याने विचारलं.

"केला तर! अगदी नव्यासारखा. फक्त ते रेकॉर्डिंग तेवढं परत चालू करून दे," फोन पुढे करत त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकांसाठी लागतं."