बांधाकडच्या ओळी

तिसगावच्या अलीकडे एका फाट्यावर मी रोज सकाळी एसटीची वाट बघतो. गेल्या फाल्गुनात समोरच्या शेतात बियाण्याचा कांदा फुलावर आला होता. सगळं रान पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं. त्यात एक बाई रोज दिसायची. बांगड्या कोपराकडे सरकवून ती प्रत्येक गोंड्यावरून हलकेच तळवा फिरवायची, एका फुलाचे पराग दुसऱ्याला लागावेत म्हणून. ओठ मिटून काहीतरी गुणगुणायची. कोवळ्या उन्हात बघत राहिलं की ती चालते आहे, की रानच तिच्या हाताखालून वाहतं आहे, हे कळेनासं व्हायचं.

बांधाजवळ आली की मात्र ती थांबायची. तिचं गुणगुणणंही थांबायचं. कडेच्या चार-पाच ओळींना ती कधीच हात लावत नसे. एकदा न राहवून मी रस्त्यावरूनच विचारलं, "मावशी, एवढ्याच का सोडता?"

तिनं बांधावरच्या बोरी-करंजाच्या जाळीकडे मान वळवली. "तितं मोहोळ हाय, दादा. माश्या इथपतूर येत्यात, म्होरं येत न्हाईत. या वळी त्येंच्या. बाकीचं आमी करतो."

मी कान दिला. जाळीतून तिच्याच सुरासारखी गुणगुण येत होती.

यंदा पुन्हा तेच पांढरं रान आहे. शेजाऱ्यानं जेसीबी लावून बांध सपाट केला. बोर, करंज, काही उरलं नाही. ती आली. बांगड्या वर सरकवल्या. आणि कडेच्या पहिल्याच ओळीत शिरून गुणगुणायला लागली.