चर्चच्या दारातले बूट

उत्तम संगीतापुढे माणसाला जगाचा विसर पडतो, असं म्हणतात. कोलोनजवळच्या एका जुन्या, तटबंदीच्या गावात दर उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो. तिथे आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो. कार्यक्रम चर्चमध्ये होता. सासऱ्यांनी दारातच आपले नवे कोरे बूट काढले.

"बाबा, इथे कुणी काढत नाही हो," बायको म्हणाली.

"मग काय, देवाच्या दारात बूट घालून शिरू?"

आत ऑर्गन घुमू लागला. सासरे डोळे मिटून बसले होते. तल्लीन झालेत, असं मला वाटलं. तेवढ्यात ते कुजबुजले, "जावईबापू, चोरीला तर जाणार नाहीत ना?"

मध्यंतर होताच त्यांनी दार गाठलं. बूट जागच्या जागी होते. शेजारी, टाचा भिंतीला लावून, उशिरा आलेल्या जर्मन श्रोत्यांचे सात-आठ जोड ओळीत ठेवलेले होते.